शिडासाठी गुलमंडीच बरी

राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तरी पाण्याकाठी गाडी लावून विंडसर्फिंग करण्याजोगा तळ मराठवाड्यात नेमका कोठे, याचा निकाल लागलेला नाही. भाबडी मंडळी पैठणकडे बोट दाखवतात. नाथसागर विशाल आहे, मान्य. जलाशयाचा पसाराच सुमारे ३५० चौरस किलोमीटर. पण तिथे पक्षी अभयारण्य, म्हणजे शिडाआधी अर्ज. आणि वारा तर सर्वस्वी निसर्गाच्या मर्जीवर. साधकबाधक विचार करता छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या बाजारपेठेतली गुलमंडीच सरस ठरते. पाण्याची टाकी घेऊन फिरणारी अवजड गाडी दारात उभी राहण्याची इथल्या रहिवाशांना सवय आहे, किंबहुना तिचे स्वागत ते हंडे घेऊन करतात. जागा कुठे आहे, असे कोणी विचारील. परंतु औरंगपुऱ्याकडून आत शिरलेली मोठी गाडी सणासुदीला सहसा बाहेर पडतच नाही. मुक्कामाची वेगळी सोय कशाला हवी?

पाणी पन्नासेक किलोमीटर दूर आहे, हा आक्षेपही वरवरचाच. शहराच्या नळाला येते ते नाथसागराचेच पाणी, फक्त ते काही दिवसांच्या अंतराने येते आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक महापालिका ठरवते. उरला वारा. नळ सुटण्याच्या दिवशी तोटीतून पाण्याआधी जो सुसाट सुटतो, तो खात्रीचा, घरपोच आणि पाणीपट्टीत समाविष्ट आहे. फळी पर्यटकाने आणावी. ती तरंगवण्यास शेजारून दोन ड्रम उसने मिळतील. मात्र त्याच पाण्यात पुढचे चार दिवस धुणीभांडी व्हायची असल्याने खेळाडूने पाय धुऊनच उतरावे.