ऊष्म्याची तजवीज

मिनेसोटात जानेवारीच्या एखाद्या पहाटे पारा शून्याखाली 20 अंशांवर उतरलेला असताना मोटारीचा हीटर गारठ्याचाच फवारा मारू लागला, की अवघा डॅशबोर्ड उतरवून हीटर कोअर बदलण्याचा भरभक्कम अंदाजखर्च एखादा कारागीर गंभीर मुद्रेने पुढे करतो आणि बोटे बधिर झालेले गिऱ्हाईक त्यावर निमूट सही करते. कूलंटची पातळी पाहण्याची क्षुद्र बाब मात्र त्या दप्तरी दाखलच होत नाही.

वस्तुतः हीटरला स्वतःची ऊब नाही. इंजिन तापवील त्या कूलंटवर त्याचा निर्वाह. इंजिन पुरेसे चालू दिल्यावर, पंख्यापासून हात जपून, फायरवॉलमध्ये शिरणाऱ्या दोन्ही नळ्या हलकेच चाचपाव्यात: दोन्ही कढत असल्यास कसूर बहुधा हवेची झडप फिरवणाऱ्या चिमुकल्या मोटरीचा, एकच कढत असल्यास कोअर चोंदलेला, दोन्ही कोमट असल्यास कूलंट उणे किंवा थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला, आणि तो स्वस्त असल्यामुळेच की काय, त्याच्यावर आळ येण्यास फार विलंब लागतो. तापल्या रेडिएटरचे झाकण मात्र कदापि उघडू नये. अंदाजखर्चाने पोळलेल्याने वाफेनेही पोळून घ्यावे, असा काही सरकारी हुकूम नाही.