चर्र अण्णा

प्रत्येक कॉलनीत एक अण्णा असतातच. निवृत्त, हाफ पँट, खिशात पाना आणि दुसऱ्याच्या गाडीची अतोनात काळजी. आमच्या नगरच्या सावेडीतल्या अण्णांकडे शिवाय पाण्याची बाटली असते. प्यायला नाही. फाटकाशी गाडी थांबते न थांबते तोच अण्णा वाकून पुढच्या डिस्कवर दोन थेंब टाकतात. चर्र वाजलं की चेहरा खुलतो. "ओढतेय!" म्हणजे ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला धरून आहेत.

मग पाहुण्यानं घरात जायचं नसतं.

शेजाऱ्यांकडे पाथर्डीचा मुलगा मुलगी बघायला आला, करंजी घाटातून, जुन्या पल्सरवर. चर्र. "घाटात ब्रेक मारले, तापणारच ना," तो म्हणाला. "मग गार होऊ दे, आणि नुसत्या मागच्या ब्रेकवर भिस्तबाग चौकापर्यंत जाऊन ये. तरी तापली, तर ओढतेय." गेला बिचारा. कांदेपोहे गार झाले, स्थळ फिसकटलं. अण्णांना खंत शून्य. "ज्याला चाक अडकलेलं कळत नाही, त्याला बायको रुसलेली काय कळणार?"

अमरधाम स्मशानभूमीच्या बाहेरही मी त्यांना एका बुलेटपाशी वाकलेलं पाहिलंय. बाटली घरी राहिली होती. तांब्या कुठून आणला ते विचारू नका.

1972 साली फिरोदियांच्या कारखान्यानं देशाला लुना दिली ती याच गावातून, व्हीआरडीईत लष्कराच्या गाड्यांची चाचणी होते ती याच गावात, आणि इथलीच माणसं ब्रेक जाम ठेवून पेट्रोल जाळतात, याची अण्णांना शरम वाटते. नगरचं अहिल्यानगर झालं, तेव्हा त्यांची प्रतिक्रिया एवढीच होती: "पाट्या बदलल्या, ब्रेक ऑइल कोण बदलणार?"

माझी जुनी सीबीझेड त्यांच्या तावडीत सापडली ती अशीच. त्याआधी एका गॅरेजवाल्यानं दोनदा पॅड बदलून पैसे घेतले होते आणि गाडी ओढतच होती. अण्णांनी ती डबल स्टँडवर घेतली, पुढचं चाक उचलून धरायला मला लावलं आणि फिरवलं. अर्धा फेरा, बस. मग ब्लीड निपलला आठचा पाना लावून जरासा सैल केला. पिचकन ऑइल उडालं आणि चाक गपकन मोकळं झालं.

"प्रेशर अडकलंय. निपल सोडूनही चाक जामच राहिलं असतं, तर पिस्टन गंजलाय नाहीतर कॅलिपरच्या पिना सुकल्यात. पॅडचा यात काय गुन्हा?"

हँडलवरच्या मास्टर सिलिंडरचं झाकण उघडलं. तळाशी तपकिरी गाळ, आणि गाळाखाली दोन भोकं, त्यातलं एक सुईच्या टोकाएवढं. लिव्हर सोडली की ऑइल त्या बारक्या भोकातून परत डबीत येतं. ते बुजलं की ऑइल खालीच कोंडतं, पॅड डिस्कला घासत राहतात, उष्णतेनं ऑइल फुगतं आणि पकड आणखी घट्ट होते. अण्णांनी जुन्या क्लच केबलमधली एकच तार सोडवली आणि जीभ बाहेर काढून ते भोक मोकळं केलं. "पेट्रोलनं धुवायचं नाही, रबर फुगतं," हे मला तीनदा ऐकवलं. नवं ऑइल घालून "दाब... धर... सोडू नको रे येड्या!" हा कार्यक्रम माझी बोटं बधिर होईस्तोवर चालला. टाकीवर एक थेंब उडाला, तर बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. बाटलीचा एवढा सत्कारणी वापर मी प्रथमच पाहिला.

पैशांचं विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बाटलीकडे बघायला लागलो.

हल्ली कॉलनीत नव्या गाड्या आल्यात. एबीएसवाल्या, किस्तीवाल्या. पोरं लांबूनच ओरडतात, "काका, हात लावू नका, वॉरंटी जाईल!" अण्णा सरळ होतात आणि बाटलीतलं पाणी कुणाच्या तरी तुळशीला घालतात. हे दोन-तीनदा बघितलं. माणूस डोक्याला ताप आहे, पण त्यांना असं परत फिरताना बघवत नाही. म्हणून गेल्या रविवारी, काही नसताना, गाडी नेऊन उभी केली. "अण्णा, पुढचं जरा ओढतंय का बघा."

दोन थेंब टाकले. चर्र नाही. चाक फिरवलं, ते फिरतच राहिलं. अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पुढचं झकास आहे. पण मागचा ड्रम कोणत्या गाढवानं इतका आवळलाय?"

जेवायला मी चार वाजता घरी पोचलो.