टाकीभर तपश्चर्या

हायब्रिड ग्रँड विटाराची टाकी 45 लिटरची, प्रमाणित मायलेज 27.97. गुणाकार साडेबाराशे किलोमीटरच्या वर जातो, आणि गुणाकार येणारा मराठी माणूस तिथेच कामातून जातो. हा आकडा प्रयोगशाळेतल्या रोलरवरचा. तिथे बोरघाट नसतो, ‘एसी लाव रे’ म्हणणाऱ्या सासूबाईही नसतात.

मग काय, तोच आकडा रस्त्यावर गाठायचा म्हणून द्रुतगती मार्गावर साठचा वेग, एसी बंद, काचाही बंद (वाऱ्याचा अडथळा नको!). ब्रेक लावला की बॅटरी भरते; पण गेलेल्या ऊर्जेतला काही भागच परत येतो, म्हणून गडी ब्रेकलाही हात आखडता घेतो. म्हणजे पाय. मागे ट्रकवाले कुळाचा उद्धार करत असतात, याची नजर मात्र पडद्यावरच्या हिरव्या ‘ईव्ही’ अक्षरांवर. घरची मंडळी हल्ली शिवनेरी बसने जातात.