कॅमेराबाबा

बादालिंगला चीनच्या भिंतीवर चढून, फोटो काढून, घाम पुसून सगळी मंडळी खाली येऊन बसमध्ये बसलेली असतात. तो मात्र अजून दुसऱ्या बुरुजावरच. गाइड खालून झेंडी हलवून दमते, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, बायको खिडकीतून भलतीकडेच बघत राहते. शेवटी तो धापा टाकत येतो आणि कुणी काही बोलायच्या आत खुलासा करतो, "वरच्या पायऱ्या राहिल्या होत्या. उद्या तिनं विचारलं तर?"

अशा माणसाबरोबर एकदा प्रवास केलेल्यांना पुढचं वर्णन नको. डोळ्याला व्हिडिओ कॅमेरा, गळ्यात साधा कॅमेरा, खिशात टेपा, दुसऱ्या खिशात बॅटऱ्या. साल 2005. माणूस अमेरिकेचा, ओहायोचा म्हणा की मिनेसोटाचा. चीनला तो मुलगी दत्तक घ्यायला आलाय. त्या वर्षी चीनमधून एकट्या अमेरिकेत सुमारे 7,900 मुलं दत्तक गेली, त्यांत बहुतेक मुलीच. इतकी मुलं त्याआधी कधी गेली नव्हती, नंतरही गेली नाहीत. दहा-बारा कुटुंबांचा एकेक गट करून लोक यायचे आणि दर गटात एक तरी कॅमेराबाबा निघायचाच.

'ती' म्हणजे हूनान प्रांतातल्या एका अनाथालयात असलेली दहा महिन्यांची मुलगी. त्यानं तिला अजून पाहिलेलंही नाही. टपालानं एक फोटो आला होता. त्यात ती कपड्यांच्या चार थरांत गुंडाळलेली आणि कमालीची वैतागलेली दिसते. त्या फोटोचंही त्यानं चित्रण केलंय, खिडकीतल्या उजेडात एकदा आणि दिव्याखाली एकदा.

आधी बीजिंगमध्ये दोन-तीन दिवस काढायचे. दत्तकाच्या कामाशी त्यांचा काडीचा संबंध नसतो. प्रवासाची झोप भरून निघावी आणि मुलीच्या देशाची तोंडओळख व्हावी, असं एजन्सी सांगते. मग तिआनमेन चौक, स्वर्गमंदिर, जुन्या गल्ल्यांतून सायकलरिक्षा. मधेच जेडचा कारखाना आणि मीनाकारीचा कारखाना. तिथे पाच मिनिटं काम दाखवून तासभर दुकानात सोडतात. इतर नवरे दाराशी घड्याळ बघत उभे असतात. कॅमेराबाबा मात्र आत, तांब्याच्या फुलदाणीवर बारीक तार बसवणाऱ्या बाईच्या बोटांपासून वीतभर अंतरावर. ती बाई हात आखडता घेते. तो मान हलवून म्हणतो, चालू द्या, चालू द्या.

निषिद्ध नगरीत तर कहर. 1420 मध्ये पुरा झालेला राजवाडा. चोवीस बादशहा इथून राज्य करून गेले. शेवटच्या पू-यीला 1924 मध्ये बाहेर काढलं. गाइड जीव तोडून हे सांगतेय आणि कॅमेराबाबा गायब. तो सापडतो राजवाड्याच्या आवारातल्या स्टारबक्समध्ये. हे दुकान 2000 साली तिथे उघडलं आणि लोकांनी ओरड केल्यावर 2007 मध्ये बंद झालं. कॉफी प्यायला तो गेलेला नसतो. दुकानाची पाटी, किमतीचा फलक, रांग, गल्ला, सगळं टिपणं चाललेलं असतं. बादशहाच्या अंगणात अमेरिकन कॉफी कशी काय, असं उद्या तिनं विचारलं तर?

गाइड मुलगी इंग्रजी शिकलेली, हसतमुख, आणि तिसऱ्या दिवशी खचलेली. या छपरावर कौलं किती? त्या सिंहाच्या पंजाखाली काय आहे? रस्त्यावरच्या झाकणांवर काय लिहिलंय? गटातल्या एका बाईनं ठरवून टाकलेलं असतं की बसमध्ये याच्यापासून चार रांगा लांब बसायचं. तर तो उभा राहून मागच्या रांगांचंही चित्रण करतो.

कमरेच्या पट्ट्यात तीन हजार डॉलर. ही अनाथालयाची ठरलेली देणगी, रोख आणि नव्या कोऱ्या नोटांत. मळकी नोट चालत नाही असं एजन्सीनं बजावलेलं, म्हणून निघेपर्यंत त्यानं त्या जाड पुस्तकात दाबून ठेवलेल्या. नोटांचंही चित्रण झालेलं आहे, हे सांगायला नकोच.

चौथ्या दिवशी विमानानं चांगशा. दुपारी सरकारी कचेरीतला एक लांबट हॉल, ट्यूबलाइट, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. एका दारातून आया येतात, प्रत्येकीच्या कडेवर एक मूल. दहा मुलं एका सुरात रडायला लागतात. अधिकारी नावं पुकारतो. घरी महिनाभर घोकलेलं नाव कॅमेराबाबाला ऐकूनही कळत नाही. बायको कोपर मारते. तो पुढे होतो. मूल घ्यायला दोन्ही हात लागतात हे त्याच्या तेव्हा लक्षात येतं, आणि तो कॅमेरा शेजारी उभ्या असलेल्या गाइडच्या हातात कोंबतो.

तीन दिवस त्या बिचारीनं कॅमेऱ्याची फक्त पुढची बाजू पाहिलेली. मागची तिला कधी ठाऊकच नव्हती. तिनं घेतलेल्या चार मिनिटांच्या तुकड्यात दिसतात: फरशी, कुणाचे तरी बूट, छत, पुन्हा फरशी, आणि मधेच क्षणभर आयाचा हात. तो हात मुलीचा अंगरखा खाली ओढून पाठ झाकतोय. बाकी सगळा आवाजच आवाज.

दुसऱ्या दिवशी सह्या. या मुलीला कधी टाकणार नाही ना, छळणार नाही ना, शिकवाल ना, असं अधिकारी विचारतो. लाल शाईत अंगठे उमटतात. मुलीचा इवला तळवाही कागदावर टेकवतात आणि ती लाल हातानं बापाचा शर्ट रंगवते. इतकं झालं की कायद्यानं तो बाप. पण मुलीचा पासपोर्ट व्हायला जवळजवळ आठवडा लागतो, तोवर करायला काही नाही. चीनमधलं या कुटुंबांचं बरंचसं स्थलदर्शन पासपोर्टाच्या कृपेनं घडलंय.

मग बाजार. तिथल्या म्हाताऱ्या आता या गोऱ्या बापाला अडवतात. उन्हाळा का असेना, मुलीच्या विजारीचा पाय वर सरकून पोटरी दिसली की संपलं. एक जण विजार ओढते, दुसरी पायमोज्यांचं विचारते, तिसरी नुसतंच झापते. एकही शब्द न कळता तो मान डोलावतो. एका हातात मुलगी, दुसऱ्यात कॅमेरा. म्हाताऱ्यांचं झापणं पूर्ण लांबीत टिपलेलं आहे.

हूनानच्या वस्तुसंग्रहालयात लेडी दाय आहे. मावांगदुईच्या टेकडीखाली 1972 मध्ये सापडलेली सरदारपत्नी. मरून एकवीसशे वर्षं झाली तरी कातडी मऊ, सांधे वाकणारे. तिच्या अन्नमार्गात खरबुजाच्या बिया सापडल्या, त्याही शंभराहून जास्त, म्हणजे खरबूज खाऊन थोड्याच वेळात ती गेली असावी. कॅमेराबाबा मुलीला झोळीत बांधून त्या काचेपाशी बराच वेळ उभा राहतो. चित्रण झालं, तरी तो हलत नाही.

कारण दत्तकाच्या कागदांतला एक कागद त्याला पाठ झालाय. अमुक गेटाशी सापडली. वय अंदाजे तीन दिवस. जन्मतारीख अंदाजानं घातलेली. आडनाव अनाथालयाचं, तिथल्या सगळ्या मुलांना एकच. एकवीसशे वर्षांपूर्वी एका बाईनं शेवटी काय खाल्लं ते या प्रांताला ठाऊक आहे, आणि दहा महिन्यांपूर्वी या मुलीला त्या गेटाशी कोण ठेवून गेलं ते कुणी सांगत नाही. कसं सांगणार? मूल टाकणं गुन्हा, त्यामुळे ठेवणारं माणूस नाव ठेवून जात नाही. 1980 पासून 2015 पर्यंत एकाच मुलाचा नियम होता. पुढे बऱ्याच प्रांतांत खेड्यांना सवलत मिळाली, ती अशी की पहिली मुलगी असेल तरच दुसरं मूल. दुसरीही मुलगीच झाली तर? के ॲन जॉन्सन या संशोधिकेनं वर्षानुवर्षं या कुटुंबांशी बोलून दाखवून दिलं, की टाकलेल्या मुलींत अशा धाकट्या बहिणी खूप होत्या आणि अधिकाऱ्यांचा दंडुका पाठीवर नसता तर अनेकींना घरातच ठेवलं असतं.

शेवटचा मुक्काम ग्वांगचौ, कारण अमेरिकेचा दत्तक-व्हिसा तेव्हा मिळायचा तो तिथल्याच वकिलातीत. शामियान बेटावर, जुन्या इंग्रज-फ्रेंच वसाहतीच्या वडांच्या सावलीत, 1983 सालचं व्हाइट स्वान हॉटेल. नाश्त्याला जावं तर टेबलागणिक एक चिनी बाळ आणि बाळागणिक दोन भांबावलेले अमेरिकन. खोलीत खेळण्यांच्या कंपनीकडून एक बार्बी भेट. सोनेरी केसांच्या बार्बीच्या कडेवर चिनी बाळ. बाहेरचे दुकानदार बाबागाड्या फुकट वापरायला देतात आणि रेशमी झगे विकून त्याची भरपाई करतात. पावलागणिक चूं-चूं वाजणारे बूटही तिथेच मिळतात, ते घेतल्याचा पश्चात्ताप विमानात होतो. सहा वडांच्या देवळात भिक्षू मुलांना आशीर्वाद देतात. लॉबीतल्या लाल सोफ्यावर सगळ्या मुली रेशमी झग्यांत ओळीनं बसवून गटाचा फोटो होतो. एक कलंडते, तिला सावरेपर्यंत दुसरी. आणि त्याच लॉबीत एक कृत्रिम धबधबा आहे. कॅमेराबाबानं त्याचं चाळीस मिनिटं चित्रण केलंय. का, ते त्याच्या बायकोनं विचारायचं सोडून दिलंय.

इतके प्रश्न विचारणाऱ्या या माणसानं एक प्रश्न विचारला नाही: ते तीन हजार डॉलर जातात कुठे? त्याच 2005 च्या अखेरीस हूनानमधल्याच हेंगयांगचं प्रकरण बाहेर आलं. तिथल्या काही अनाथालयांनी दलालांकडून बाळं विकत घेऊन दत्तकाच्या रांगेत लावली होती; 2006 मध्ये शिक्षाही झाल्या. चित्रण केलेल्या कोऱ्या नोटांकडे त्यानंतर त्याला धडपणे बघवलं नाही. ती टेप त्यानं पुसली मात्र नाही.

त्याच्या बाजूनं बोलायचंच, तर इतकं बोलता येईल. आपण बाप व्हायला लायक आहोत हे दाखवायला त्याला लग्नाच्या दाखल्यापासून पगाराच्या चिठ्ठीपर्यंत प्रत्येक कागद आधी नोटरीकडून, मग राज्य सरकारकडून, मग चिनी वकिलातीकडून शिक्का मारून आणावा लागला. पोलिसांनी बोटांचे ठसे घेतले, समाजसेविका घर पाहून गेली. 2007 पासून तर चीननं शरीराच्या वजन-उंचीच्या गुणोत्तराचीही अट घातली, 40 च्या आत हवं. इतकं सिद्ध करायला लावल्यावर माणूस पुरावे गोळा करायला लागला तर नवल नाही. मुलीच्या पहिल्या दहा महिन्यांचा, एक फोटो आणि एक कागद सोडला तर, एकही पुरावा हाती नसल्यामुळे पुढच्या दोन आठवड्यांचे तो ढिगानं जमवत होता.

मुलगी तेरा वर्षांची होईपर्यंत तिनं त्या टेपांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चीनची भिंत किती उंच, हे तिनं कधी विचारलं नाही, कौलांचंही नाही. मग एका सुट्टीत तिनं फरशी-बूट-छतवाली चार मिनिटं शोधून काढली आणि पुन्हा पुन्हा लावली. पुढे बापलेक हूनानला जाऊन आले. ते गेट पाडून तिथे दुकानांची इमारत उभी राहिली होती.

5 सप्टेंबर 2024 ला चीननं जाहीर केलं, की नात्यातल्यांचा अपवाद सोडला तर परदेशी दत्तक बंद. 1992 पासून सुमारे 1,60,000 मुलं गेली होती, त्यांतली निम्मी अमेरिकेत. ती मुलं आता मोठी झालीत आणि एकमेकांना शोधतायत. त्याच अनाथालयाच्या, त्याच गटातल्या मुलींची पत्रं कॅमेराबाबाला येतात. त्यांच्या आईबापांनी त्या दिवशी हातात फक्त मूल घेतलं होतं. त्या हॉलमधला त्यांचा रडण्याचा आवाज आता एवढ्या एकाच टेपवर आहे.

तेवढा चार मिनिटांचा तुकडा कापून पाठव, म्हणून मुलगी डोकं फोडते. तो ऐकत नाही. प्रत्येकीला सगळ्या टेपा जातात, अकरा तासांच्या, सोबत छापील अनुक्रमणिका. तिच्यात धबधब्याला स्वतंत्र प्रकरण आहे.