डाव तयार आहे, संघ तेवढा पाठवा

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत एक पद असं आहे, ज्याची जाहिरात निघत नाही, निवडणूक होत नाही आणि तरीही ते एक दिवस रिकामं राहत नाही. समोरचा संघ कसा हरवायचा हे सांगणाऱ्याचं पद. ज्या गावात पॉली उम्रीगर जन्मला, त्या गावात हा माणूस क्रिकेटवर बोलेल अशी कुणाचीही समजूत होईल. पण क्रिकेटवर सगळेच बोलतात, तिथे आपल्या शब्दाला वजन येणार नाही, हे त्याने फार लवकर ओळखलं. फुटबॉलमध्ये गर्दी कमी. याला आपण अण्णा म्हणू; पन्नाशी गाठलेल्या आणि ठाम मत असलेल्या कोणालाही पेठेत तसंच म्हणतात. अण्णांचा गुडघा जुना आहे. तो दुखावला नसता तर ते महाराष्ट्राकडून खेळले असते, हे ते स्वतः सांगत नाहीत. दुसऱ्या कुणीतरी सांगावं म्हणून गुडघ्यावर हात दाबून सावकाश उठतात. माणिक चौकाच्या आसपासच्या एखाद्या चहाच्या हॉटेलात संध्याकाळी सातनंतर ते हमखास सापडतात. टेबल हे मैदान. मिठाची डबी गोलकीपर, चार रिकामे कप डिफेन्स, काडेपेट्या मिडफिल्ड आणि सगळ्यात पुढे खारीचा एक तुकडा, तो स्ट्रायकर. डाव रंगात आला की वेटर फडकं घेऊन येतो आणि जाताना लेफ्ट बॅक विसळायला घेऊन जातो. अण्णा थांबत नाहीत. ‘दहा जणांत पण जिंकतो की आपण,’ असं म्हणून राइट बॅक जरा आत ओढतात. दुसरा चहा येतो तेव्हा मात्र बोलण्याच्या भरात त्यांच्याच हातून स्ट्रायकर चहात बुडवून खाल्ला जातो. आता गोल कोण मारणार, असा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण चहाचं बिल अण्णा देतात.

अशा माणसाची टिंगल करणं सोपं आहे, आणि पेठेत ती रोज चुकीच्या कारणासाठी होते. लोक म्हणतात, याला काही कळत नाही. हे साफ खोटं आहे. 1925 साली ऑफसाइडचा नियम बदलला, हल्ला करणाऱ्यापुढे तीनऐवजी दोनच विरोधी खेळाडू असले तरी चालू लागलं, गोलांचा पाऊस पडायला लागला आणि मग आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमनने मधला खेळाडू मागे ओढून बचाव तिघांचा केला, हे अण्णा पाणी न पिता सांगतात आणि त्यात एक अक्षर चुकत नाही. कोल्हापूरबद्दल तर त्यांचं ज्ञान गुप्तहेरखात्याच्या तोडीचं. कारण समोरचा संघ म्हणजे त्यांच्या लेखी एकच, कोल्हापूर. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ. तिथली ही नावं त्यांना चुलत्या-मावश्यांसारखी पाठ आहेत. शाहू स्टेडियमवर कोणता पोरगा डाव्या पायाने मारतो, कोण पहिली धक्काबुक्की झाली की भान सोडतो, कोणाचा श्वास शेवटच्या वीस मिनिटांत तुटतो, याची नोंद त्यांच्याकडे असते. तेव्हा अज्ञानाचा आरोप मागे घ्यावा लागतो. माझं म्हणणं वेगळं आहे. अण्णांच्या डावात समोरचा संघ खराखुरा असतो, हाडामांसाचा, नावागावाचा, खोडीखोडीनिशी. काल्पनिक असतो तो आपला संघ. कोल्हापूरचा स्टॉपर कुठल्या पायावर वळतो हे त्यांना माहीत आहे. सोलापूरचा स्टॉपर यंत्रमागावर रात्रपाळी करून थेट मैदानावर येतो, हे त्यांना माहीत नाही, कारण त्यांनी ते कधी विचारलेलंच नाही.

पुरावा त्यांच्या डावातच आहे. जिल्ह्याजिल्ह्यांच्या स्पर्धेत समोर कोल्हापूर आलं की अण्णांची योजना आदल्या रात्री जाहीर होते. बचावफळी वर चढवायची, बॉल गेला की सहा सेकंदांत परत घ्यायचा, स्ट्रायकर मागे उतरवून त्यांच्या स्टॉपरला कोड्यात टाकायचं. मँचेस्टर सिटीचा संघ हे सगळं करतो, आणि ते करण्यासाठी पगारी मास्तर, डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि वर्षभराचा सराव लागतो. अण्णांकडे एक रात्र असते. त्यांचं एक कलम तर खास सोलापुरी आहे: ‘मॅच दुपारी दोनला ठेवा. एप्रिलचं ऊन हाय बे, कोल्हापूरची पोरं पंचगंगेच्या गारव्यातली, अर्ध्या तासात बसत्यात का नाही बघा.’ कल्पना वाईट नाही. सोलापूरचा पारा एप्रिलमध्ये चाळिशीच्या वर सहज जातो आणि उन्हाचा उपयोग करून घ्यायला हरकत काहीच नाही. फक्त ते ऊन आपल्या पोरांच्याही डोक्यावर पडतं. अण्णांना विचारलं तर उत्तर तयार असतं, ‘आपल्याला सवय हाय.’ सवय कसली? दुपारी दोन वाजता शुक्रवार पेठेतलं कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. आणि कोल्हापूरची ताकद ही एखाद्या डावपेचात बसवलेली युक्ती आहे, हा समजच मुळात फसवा. तिथे तालीम आणि पेठ यांच्या नावावर संघ उभे राहिले, हजारो माणसं मोसमभर मॅच बघायला स्टेडियमवर येतात, बाप खेळला म्हणून पोरगा खेळतो, आणि गल्लीत पाय फुटले की पुढे अनिकेत जाधवसारखा मुलगा 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून उतरतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्या संध्याकाळी काडेपेटी दोन बोटं पुढे सरकवून कशा खोडायच्या?

आता अण्णा गप्प बसणाऱ्यांतले नाहीत. ते हंगेरी काढतात. 25 नोव्हेंबर 1953, वेम्बली, हंगेरीने इंग्लंडला 6-3 हरवलं. नांदोर हिदेगकुटी नऊ नंबर घालून मागे खेळला आणि त्याच्यामागे जावं की जागेवर थांबावं हे इंग्लंडच्या स्टॉपरला, हॅरी जॉन्स्टनला, शेवटपर्यंत उमगलं नाही. म्हणजे डोकं चालवलं की बलाढ्य संघ कोसळतो. बरोबर. पण हंगेरीच्या प्रशिक्षकाने, गुस्ताव सेबेशने, त्या मॅचआधी काय केलं, हा भाग अण्णा गाळतात. त्याने इंग्रज वापरत तसे जड चेंडू मागवून आपल्या पोरांना त्यांच्यावर खेळवलं, वेम्बलीच्या मापाचं मैदान आखून सराव घेतला. पुश्काशसह संघातले बरेच जण होनवेद या एकाच क्लबचे, एकमेकांचे पाय ओळखणारे. समोरच्याचा अभ्यास त्याने केलाच, पण त्या अभ्यासाचं ओझं उचलायला आपल्या पोरांचे खांदे आधी तयार केले. आणि दूर कशाला जा, सोलापूरहून पूर्वेला निघालेली गाडी ज्या हैदराबादला पोचते, तिथले, भारताचे जुने प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम घ्या. 2024 मध्ये ‘मैदान’ सिनेमा आल्यापासून रहीम साहेब हे अण्णांचं शेवटचं अस्त्र आहे. 1962 च्या जकार्ता एशियाडमध्ये भारत पहिलीच मॅच दक्षिण कोरियाकडून 0-2 हरला. त्याच कोरियाला 4 सप्टेंबरला, फायनलमध्ये, भारताविरुद्ध गर्जणाऱ्या भरल्या स्टेडियममध्ये 2-1 हरवलं. पराभूत संघाने त्याच प्रतिस्पर्ध्याला काही दिवसांत चीत करणं, म्हणजे अण्णांच्या विषयाचा हा सोन्याचा नमुना. पण रहीमनी तो डाव रचला कशातून? त्यांचा सर्वांत भरवशाचा बचावपटू जर्नेल सिंग डोक्याला टाके पडून जायबंदी झाला होता. त्याला बाहेर बसवण्याऐवजी त्यांनी त्याला सेंटर फॉरवर्डला उभं केलं. तो सेमीफायनलला दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल मारून गेला आणि फायनललाही पी. के. बॅनर्जींच्या गोलनंतर दुसरा त्यानेच मारला. डावाची सुरुवात कोरियापासून झालेली नाही. आपल्याकडे उरलंय काय, फुटलंय काय आणि त्यातून काय निघेल, इथून झालेली आहे. अण्णांच्या टेबलावर जखमी खेळाडू कधीच नसतो. कप फुटला तर ते दुसरा मागवतात.

यावर एक आक्षेप खरोखर वजनाचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. जो स्वतः खेळला नाही त्याने डाव आखू नये का? आरिगो साकी वडिलांच्या चपला-बुटांच्या धंद्यात होता, व्यावसायिक फुटबॉल खेळलेला नव्हता, आणि त्याच्या मिलानने 1989 आणि 1990 असे सलग दोनदा युरोपियन कप जिंकले. या हिशोबाने नवी पेठेतल्या एखाद्या चपलांच्या दुकानातूनही उद्या मोठा प्रशिक्षक निघू शकतो, आणि निघावाही. म्हणून अण्णांच्या गुडघ्यावर मी काहीच आक्षेप घेतलेला नाही. फरक पुढे आहे. साकी आपल्या खेळाडूंना चेंडूशिवाय मैदानावर उभं करायचा, काल्पनिक चेंडू इथे आहे असं ओरडायचा आणि अकराही जणांना एका दोरीने बांधल्यासारखं सरकवायचा, रोजच्या रोज. त्याच्याकडे चेंडू काल्पनिक होता, माणसं खरी. अण्णांकडे याच्या बरोबर उलटं.

दुसरा दाखला ते जोझे मोरिन्योचा देतात, आणि तिथे तर ते स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. 28 एप्रिल 2010, बार्सिलोना. पहिला सामना 3-1 जिंकलेला त्याचा इंटर मिलान अठ्ठाविसाव्या मिनिटाला दहा जणांवर येतो, तासभराहून जास्त वेळ गोलपुढे भिंत बांधून उभा राहतो, 0-1 हरतो आणि एकूण 3-2 ने फायनलला जातो. अण्णा म्हणतात, बघा, लेफ्ट बॅक विसळायला गेला तरी चालतं. पण त्या भिंतीत सॅम्युएल एटो होता. आदल्याच वर्षी याच बार्सिलोनाकडून युरोप जिंकलेला, जगातल्या पहिल्या पाच-सहा गोलंदाज नव्हे, गोल मारणाऱ्यांपैकी (क्रिकेटच्या गावात जीभ अशी घसरते), आणि तो त्या रात्री जवळपास साइड बॅकसारखा धावत होता. मोरिन्योचा खरा डाव हा की त्याने एवढ्या मोठ्या माणसाला हलकं काम सांगितलं आणि त्या माणसाने ते केलं. आता शुक्रवार पेठेत या. संघात मंडळाच्या अध्यक्षांचा पुतण्या फॉरवर्डला आहे. तो बॉल मिळाला की पास देत नाही, पळत तर नाहीच, आणि त्याचे बूट सगळ्यांत महाग आहेत. कोल्हापूरला खरंच रोखायचं असेल तर पहिली चाल एकच आहे: पुतण्याला साइड बॅकला खेळ म्हणायचं, नाहीतर बाकावर बसवायचं. अण्णांना हे दिसत नाही असं नाही. पण जर्सींचे पैसे अध्यक्ष देतात, आणि मिरवणुकीत मंडळाच्या ट्रॅक्टरवर अण्णांची जागाही अध्यक्षांच्याच मर्जीवर असते. म्हणून मँचेस्टरची प्रेसिंग, हंगेरीचा मागे उतरलेला नऊ नंबर, हे सगळं येतं, पुतण्या येत नाही. ज्या माणसाने कागदावर कोल्हापूरला निदान पन्नास वेळा लोळवलं, त्याला मंडळाच्या ऑफिसात एक वाक्य बोलता येत नाही. समोरच्या संघाचा इतका बारकाईने अभ्यास करण्यात एक सोय आहे, ती ही. कोल्हापूरकर काही रात्री घरी येऊन विचारत नाहीत की आमच्या पोराबद्दल काय बोललात.

काही जण म्हणतील, असू दे की हो, बिचारा कुणाचं काय बिघडवतो? उलट क्रिकेटवेड्या गावात फुटबॉलचा विषय जिवंत ठेवतो. हे मला अर्धं पटतं. 15 सप्टेंबर 2017 ला राज्य सरकारने एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचं ठरवलं, शाळाशाळांत चेंडू वाटले, आणि त्या दिवसानंतर बऱ्याच चेंडूंनी उरलेलं आयुष्य कपाटात काढलं. त्या तुलनेत अण्णा रोज संध्याकाळी सात ते नऊ विषय चालू ठेवतात, तेही शासकीय अनुदानाशिवाय. त्यांच्या टेबलाभोवती जमणाऱ्या आठवी-नववीच्या पोरांपैकी एखाद्याला ऑफसाइड तिथेच कळलेला असतो, आणि हे काम लहान नाही. बिघडतं ते मॅचनंतर. संघ 0-4 हरून सांगोल्यामार्गे परत येतो, पोरं पाय ओढत एस.टी.तून उतरतात, आणि अण्णा म्हणतात, ‘मी सांगितलेलं केलंच नाही ह्यांनी.’ या वाक्याला उत्तर नाही. त्यांचा डाव आजवर एकदाही हरलेला नाही, कारण तो कुणी खेळलेलाच नाही. पोरांना मात्र वाटत राहतं की आपण हरलो ते आपल्याला चांगला डाव कळला नाही म्हणून. खरं तर ती हरली ती दम कमी पडला म्हणून, पहिला टच निसटला म्हणून, चौघांनी आठवडाभर बॉलला पाय लावला नव्हता म्हणून. चुकीचं कारण हाती दिलं की पुढच्या खेपेला चुकीचीच तयारी होते, आणि हे नुकसान चहाच्या बिलाहून बरंच मोठं आहे.

उपाय साधा आहे आणि पेठेतल्या काही जाणत्यांनी तो सुचवूनही झाला आहे: संघ एक मोसम अण्णांच्याच हाती द्यावा. नावं त्यांनी निवडावीत, जागा त्यांनी ठरवाव्यात, पुतण्याचं काय करायचं तेही त्यांनीच बघावं. अण्णांनी प्रस्तावाचं स्वागत केलं. फक्त सराव पहाटे सहाला पार्क मैदानावर असतो, असं कळल्यावर त्यांनी एक तांत्रिक अडचण मांडली. थंडीच्या दिवसांत चॅम्पियन्स लीगची मॅच आपल्याकडे रात्री दीडला सुरू होते, संपायला साडेतीन होतात, आणि त्यानंतर तिच्यावर विचार करायला तास-दीड तास लागतोच. तेव्हा सहा वाजता ते स्वतः येणार नाहीत, व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवतील. नोट अकरा मिनिटांची आहे. पोरांनी ती वॉर्म-अप करताना ऐकावी, असं त्यांचं म्हणणं आहे.