ॲडमिन लेफ्ट!

अंजनगाव सुर्जीत 30 डिसेंबर 1803 रोजी तह झाला आणि दौलतराव शिंद्यांनी गंगा-यमुनेचा दोआब इंग्रजांना देऊन टाकला. रक्तदात्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद सोडताना भाऊंनी त्या तहाहून लांब मजकूर लिहिला. 2022 पासून ग्रुपमधून गुपचूप निघता येतं. पण भाऊंना निरोप हवा होता. मिळाला. ‘भाऊ, तुमच्याबिगर ग्रुप पोरका झाला!’ त्याच सद्गृहस्थांचं खासगीत मत : ‘बरं झालं, लय हुकूम सोडे.’

एकटा ॲडमिन गेला की व्हॉट्सॲप दुसऱ्या कुणाला तरी आपोआप गादीवर बसवतं. मान मिळाला रोज सकाळी गुलाब पाठवणाऱ्या काकांना. रात्री मेसेज पडला, ‘ओ निगेटिव्ह पाह्यजे, अर्जंट.’ सगळ्यांनी हात जोडले. रक्तदाता शोधला भाऊंनीच, बाहेरून फोन लावून. ग्रुपवर आभार काकांचे.