इंजिनाचा खुळखुळा : नवशिक्यांसाठी पहिला धडा

इंजिनाची वाट लावायला लोक उगाच लांबचे रस्ते धरतात. ऑइल बदलत नाहीत, कूलंट बघत नाहीत. त्यात वर्षं जातात. आपण हे काम अर्ध्या सेकंदात उरकू, आणि वर ‘चुकून झालं’ असं म्हणायची सोयही ठेवू.

साहित्य : मॅन्युअल गिअरची पेट्रोल गाडी, दुपदरी रस्ता आणि पुढे उसाची ट्रॉली. ऑटोमॅटिकवाल्यांनी इथूनच परत फिरावं. भलता गिअर मागितला तर त्यांच्या गाडीतला कॉम्प्युटर चक्क दुर्लक्ष करतो.

न्यूट्रलमध्ये अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबून गाडी बोंबलवणं ही मात्र पोरकट हौस. काटा लाल पट्ट्याला, म्हणजे मिनिटाला साधारण सहा-साडेसहा हजार फेऱ्यांना टेकला की रेव्ह लिमिटर इंधन तोडतो आणि इंजिन नुसतं अडखळत राहतं. शेजारी तेवढे गॅलरीत येतात. पण लिमिटरच्या हातात इंधन तोडण्यापलीकडे काही नाही. इंजिनाने चाकं फिरवायची सोडून चाकांनीच इंजिन फिरवायला घेतलं, तर तो बघत बसतो. आपली सारी भिस्त यावर.

कृती : तिसऱ्या गिअरमध्ये ट्रॉलीला ओव्हरटेक करायला निघा. काटा ६,०००वर आला की चौथा टाकायचा, म्हणजे दांडा सरळ मागे ओढायचा. इथे मूठ आवळा. सैल हाताने ओढलात तर आतली स्प्रिंग दांड्याला मधल्या रांगेतच ठेवते, चौथा गुपचूप पडतो आणि सगळा बेत फसतो. तेव्हा मूठ आवळून, ओढता ओढता दांडा शेजारच्या सीटकडे रेटा. दुसरा पडेल. थोडा विरोध होईल, तो सिंक्रोचा, म्हणजे गिअरचा वेग जुळवणाऱ्या कड्याचा. त्याला जुमानू नका. आता क्लच झटक्यात सोडा. घाबरून लगेच परत दाबणारा विद्यार्थी नापास, कारण त्याचं इंजिन वाचण्याची शक्यता उरते.

दुसऱ्या गिअरचं प्रमाण तिसऱ्याच्या साधारण दीडपट असतं. गाडीचा वेग तोच, त्यामुळे इंजिन ९,०००च्या घरात. पिस्टन आणि रॉडवरचा ताण मात्र फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सव्वादोन पट. एक्झॉस्ट स्ट्रोक संपताना पिस्टन वर पोचतो, तेव्हा त्याला अडवायला जळत्या वायूचा दाबही नसतो. त्याला थोपवून खाली खेचायचं सगळं ओझं कनेक्टिंग रॉडवर आणि त्याच्या बोल्टांवर. बोल्ट ताणले की बेअरिंग, मग रॉड, आणि नशीब जोरावर असेल तर ब्लॉकला खिडकी.

बहुधा इतकं लांब जावं लागत नाही. आधी व्हॉल्व्ह जातात. ६,०००वर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो-मिटतो, ९,०००वर ७५ वेळा. उघडायला दणकट कॅम आहे, मिटायला बिचारी एक स्प्रिंग. तिला कॅमचा पाठलाग जमेनासा झाला की व्हॉल्व्ह खाली लोंबकळत राहतो आणि तेवढ्यात पिस्टन वर येतो. डुकाटीने या स्प्रिंगवर भरवसाच ठेवला नाही. त्यांच्या डेस्मो इंजिनात व्हॉल्व्ह मिटवायलाही वेगळा रॉकर असतो. फॉर्म्युला वनमध्ये १९८६ साली रेनोने स्प्रिंगच्या जागी दाबाखालचा वायू आणला. असल्या इंजिनांवर नवशिक्यांनी हात साफ करू नये.

एवढं करून गाडी चालतच राहिली तर हिरमुसू नका. आयडलला थरथर, हेडमधून टिकटिक, डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा : व्हॉल्व्ह वाकलाय आणि एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलंय. गॅरेजमध्ये ‘काही केलं नाही हो, आपोआप झालं’ असं सांगायची पद्धत आहे. मिस्त्री मान डोलावेल. मग हेड उघडेल, चिंधीने पिस्टनचा माथा पुसेल आणि तिथे व्हॉल्व्हने उमटवलेली चंद्रकोर बोटाने दाखवेल.

पोर्शेवाल्यांची तर आणखी पंचाईत. त्यांच्या अलीकडच्या गाड्यांतलं कंट्रोल युनिट ओव्हर-रेव्हचे सहा टप्पे पाडतं, आणि कोणत्या टप्प्यात किती वेळा इग्निशन झालं, शेवटचं इंजिनाच्या कितव्या तासाला, हे टिपून ठेवतं. जुनी पोर्शे घेणारे जाणकार आधी तो अहवाल मागतात. जाहिरातीत ‘डॉक्टरांची गाडी, अगदी सांभाळून वापरलेली’ असं लिहून भागत नाही.